आधी खोली ऐका: इंडी फोकचे अल्बम कुठून आणि कसे ऐकायला घ्यावेत

इंडी फोक ऐकून बघणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: सगळी गाणी सारखीच वाटतात. एक गिटार, एक पुटपुटणारा आवाज आणि तिसऱ्या गाण्याला डोळे जड. तक्रार अगदीच खोटी नाही. पण ही गाणी बहुतेक वेळा 'निवांत संध्याकाळ' छापाच्या प्लेलिस्टमधून कानावर आलेली असतात. पंचवीस निरनिराळ्या अल्बममधलं एकेक संथ गाणं उचलून तिथे ओळीने मांडलेलं असतं, आणि ज्या खोलीत ते गाणं झालं ती खोली मागेच राहते. या संगीतात खोली म्हणजे अर्धं गाणं. कुणी हिवाळ्यात जंगलातल्या केबिनमध्ये एकट्याने ध्वनिमुद्रण केलंय, कुणी घरी कॅसेटवर, कुणी दोन रात्रींत रिकाम्या स्टुडिओत. भिंती, माइक, टेपची खरखर, तारेवरून सरकणारं बोट हे सगळं मुद्दाम ठेवलेलं असतं. ते ऐकू यायला लागलं की गाणी वेगवेगळी दिसायला लागतात.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. 'फोक' शब्दामुळे लोकगीत डोळ्यांसमोर येतं. पण लोकगीताला कर्ता नसतो, आणि इथे बहुतेक गाणी एकाच माणसाने लिहून, चाल लावून स्वतः गायलेली असतात. वाद्यं आणि वाजवायची पद्धत लोकसंगीतातली, मजकूर मात्र खासगी. त्या अर्थाने हे पोवाड्यापेक्षा भावगीताच्या जास्त जवळचं. आणि 'इंडी' म्हणजे मोठ्या कंपन्यांऐवजी छोट्या स्वतंत्र लेबलांनी काढलेलं: सिअ‍ॅटलचं सब पॉप, शिकागोचं ड्रॅग सिटी, इंडियानातलं जॅगजगुवार. पैसे कमी, घाई कमी, लुडबुड कमी.

पायरी १: चाळीस मिनिटं आणि पाच सेटिंग

यातले बरेचसे अल्बम ३० ते ४५ मिनिटांत संपतात. तेवढा वेळ सलग मोकळा ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. त्यासाठी अल्बम आधी डाउनलोड करून ठेवावा लागेल. ३२० केबीपीएस दर्जात ४० मिनिटांना साधारण ९६ एमबी लागतात, ९६ केबीपीएसमध्ये जेमतेम २९. इथे डेटा वाचवू नका. फाइल लहान करताना सगळ्यात आधी बारीक आवाज कापले जातात: तारेचा विरत जाणारा सूर, खोलीचा घुमारा, टेपची खरखर. म्हणजे जे ऐकायला बसलो तेच जातं, आणि त्या जागी पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज येतो.

मग अ‍ॅपमध्ये जाऊन हे बघा:

शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर. ते चालू असेल तर आधीचं गाणं विरत असतानाच पुढचं अंगावर येतं, आणि या अल्बममध्ये दोन गाण्यांमधली शांतताही मोजून ठेवलेली असते. आवाजाची पातळी एकसारखी करणारं 'नॉर्मलायझेशन' शक्यतो बंद, नाहीतर हळू आणि मोठं गाणं एकाच मापाने वाजतं. ईक्यू, म्हणजे जाड-बारीक सूर कमीजास्त करायची सोय, सपाट. शेवटचं म्हणजे फोनच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लपलेला डॉल्बी-छाप 'सराउंड' परिणाम बंद. बऱ्याच फोनमध्ये तो विकत घेतल्यापासूनच चालू असतो. त्यातून गाण्यावर एक खोटी खोली चढते, आणि केबिनमधलं गाणं सभागृहात गेल्यासारखं वाटतं. बेस बूस्टचंही तेच: गिटारच्या जाड तारा फुगतात आणि मधला आवाज त्यांच्याखाली दबतो.

हेडफोन महाग नसला तरी चालेल, पण तो कानात नीट बसायला हवा. इअरफोनची रबरी टोपी सैल असेल तर जाड तारेचा सूर सरळ गायब होतो, आणि मग लोक म्हणतात 'गिटार पातळ वाटते'. पाकिटात दोन-तीन मापांच्या टोप्या असतात, त्या बदलून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही.

पंखा पाचवर आणि स्वयंपाकघरात कुकर, अशा घरात या अल्बमचा अर्धा भाग ऐकूच येणार नाही. पंखा दोनवर आणा किंवा रात्री दहानंतर बसा. आवाज किती ठेवायचा? तारेवरून बोट सरकल्याची बारीक चिरक ऐकू येईपर्यंत वाढवा आणि नंतर अल्बम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

फुकट खात्यात अ‍ॅप मधेच जाहिरात घुसवत असेल तर बँडकॅम्प या संकेतस्थळावर बघा. यातल्या बऱ्याच लेबलांचे अल्बम तिथे ब्राउझरमधून पूर्ण ऐकता येतात, आवडला तर एफएलएसी, म्हणजे दर्जा न घटवलेली, फाइल विकत घेता येते. तबकडीच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. टपालखर्च आणि आयात शुल्काने ती चांगलीच महाग पडते, आणि स्वस्तातल्या सुटकेस-छाप प्लेअरवर ती वाजवणं म्हणजे तिचं नुकसानच.

पायरी २: फ्लीट फॉक्सेस, 'फ्लीट फॉक्सेस' (२००८)

सुरुवात इथून करायची, कारण मराठी कानाला हा अल्बम लगेच वाट देतो. सिअ‍ॅटलचा बँड, रॉबिन पेकनोल्ड हा मुख्य गायक-गीतकार, निर्माता फिल एक ('एक' हे आडनाव), ११ गाणी, ३९ मिनिटं. खरं वाद्य इथे गळा आहे.

दुसरं गाणं घ्या, 'व्हाइट विंटर हिम्नल'. जेमतेम अडीच मिनिटांचं, त्यात एकच कडवं फिरून फिरून येतं. सुरुवातीला एकच आवाज एक छोटा तुकडा घोळवत राहतो. मग त्यात दुसरा मिसळतो, मग तिसरा. भजनात एकेक टाळकरी येऊन मिळावा तसं. पहिल्यांदा ऐकताना फक्त एवढंच मोजा: कितवा आवाज कधी आला आणि तो डावीकडे आहे की उजवीकडे. ढोल आल्यावर सगळे आवाज एका पट्टीत बसतात, आणि तिथे अंगावर काटा आला नाही तर हेडफोनची टोपी पुन्हा तपासा. सातव्या गाण्यात शब्दच नाहीत, नुसते आ-कार. शेवटचं गाणं संपताना वाद्यं गळून पडतात आणि एकटा गळा उरतो. म्हणजे अल्बमभर गर्दी करून शेवटी खोली रिकामी केलेली आहे. शफलवर हे कधीच कळणार नाही.

काय चुकतं? आवाजांभोवती गिरजाघरासारखा भरपूर घुमारा आहे, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर सगळा लगदा होतो. शब्द कळत नाहीत म्हणूनही थांबू नका; या अल्बमचे शब्द ही दुय्यम गोष्ट आहे.

मुखपृष्ठ मात्र मोठ्या पडद्यावर उघडून बघा. ते पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराचं १५५९ सालचं चित्र आहे, आणि त्यात शंभरावर म्हणी माणसांच्या रूपात रंगवलेल्या आहेत. एक जण भिंतीवर डोकं आपटतोय. दुसरा, वासरू बुडून मेल्यावर खड्डा बुजवतोय. 'बैल गेला आणि झोपा केला' हे साडेचारशे वर्षांपूर्वी तिकडेही ठाऊक होतं तर.

पायरी ३: बॉन इव्हेअर, 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' (२००७)

उच्चार 'बोन इव्हेअर'. 'हिवाळा सुखाचा जावो' अशा अर्थाच्या फ्रेंच शुभेच्छेवरून घेतलेलं नाव, स्पेलिंग मुद्दाम बदललेलं. जस्टिन व्हर्नन २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या आपल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनवर तीनेक महिने जाऊन राहिला आणि त्यातून हा अल्बम झाला. २००७ मध्ये त्याने तो स्वतःच काढला, २००८ च्या फेब्रुवारीत जॅगजगुवारने पुन्हा काढला. ९ गाणी, ३७ मिनिटं.

ही केबिनची गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की लोक गोष्टच ऐकतात, अल्बम राहून जातो. ऐकायचं ते असं. त्याचा आवाज एकटा नाही. तोच माणूस तीच ओळ पुन्हापुन्हा गाऊन एकावर एक थर चढवतो, बहुतेक वेळा खोट्या वरच्या आवाजात, ज्याला फॉल्सेटो म्हणतात. दोनदा गायलेली ओळ कधीच तंतोतंत जुळत नाही. केसभर मागेपुढे होते, आणि त्या फरकामुळे आवाज पसरट, धुक्यासारखा होतो. यंत्राने एकच ओळ नक्कल करून चिकटवली असती तर ती नुसती मोठी झाली असती, रुंद झाली नसती. दुसऱ्या गाण्याची पहिली अर्धी मिनिट डोळे मिटून ऐका, कोण कुठे उभा आहे ते कळेल. गंमत म्हणजे तिथे सगळीकडे तोच उभा आहे.

चौथं गाणं संथपणे सुरू होऊन शेवटी कोसळतं. त्या कोसळण्याला घाबरून आवाज कमी करू नका. नववं आणि शेवटचं गाणं मात्र एक गिटार आणि एक आवाज, जवळजवळ सात मिनिटं. आधीचे आठ थर ऐकल्याशिवाय ते लावलंत तर साधं वाटेल, कंटाळाही येईल. आणि 'सगळं एकट्याने केलं' हेही पूर्ण खरं नाही: शीर्षकगीतातली तुतारीच्या घराण्यातली वाद्यं नंतर दुसऱ्या वादकांनी वाजवलेली आहेत. ती ऐकू आली की केबिनचं दार उघडल्यासारखं वाटतं, म्हणून ती आठव्या गाण्यापर्यंत राखून ठेवली आहेत हे बरंच झालं.

शब्द पहिल्या फेरीत वाचू नका. यात आधी सूर आणि निरर्थक अक्षरं आली, शब्द मागाहून त्यांच्या मापाने बसवले गेले. अर्थ लावत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पायरी ४: खरखरीशी मैत्री

आयर्न अँड वाइन म्हणजे सॅम बीम नावाचा एकच माणूस. 'द क्रीक ड्रँक द क्रेडल' (२००२, सब पॉप) त्याने फ्लोरिडातल्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. तो सुरू होताच 'रेकॉर्डिंग खराब आहे का' असा प्रश्न पडतो. खराब नाही. कारण समजून घेतलं की कान सरावतो.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. नेहमीच्या कॅसेटवर तिचे चार पट्टे असतात, पण दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. चार ट्रॅकचं यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं: एकावर गिटार, दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर बँजो, चौथ्यावर आणखी एक आवाज. पट्टा इतका अरुंद की त्यावर सूर कमी उमटतो आणि फितीची स्वतःची खरखर वर येते. पाचवं काही घालायचं तर आधीचे दोन-तीन पट्टे एकत्र करून एका रिकाम्या पट्ट्यावर उतरवावे लागतात, आणि दर उतरवण्याला खरखर वाढते. म्हणून अशा अल्बमवर मोजकीच वाद्यं असतात. ही हौस नसून जागेची टंचाई आहे, आणि टंचाईतून शिस्त येते: जे चार आवाज ठेवायचे ते खरोखर लागणारे ठेवायचे.

बीम जवळजवळ कुजबुजत गातो. इतक्या हळू गाणाऱ्याला माइक तोंडाजवळ घ्यावा लागतो, म्हणून श्वास आणि ओठांचे आवाजही टेपवर येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस शेजारी बसलाय. हा परिणाम मोठ्या स्पीकरवर मोठ्या आवाजात नाहीसा होतो, त्यामुळे हा अल्बम हेडफोनवरच.

आणि हो, बँजो. आपल्याकडे 'बेंजो' म्हटलं की बटणांचं बुलबुलतरंग आणि गणपतीतली बेंजो पार्टी आठवते. हा बँजो ते वाद्य नाही. गोल चौकटीवर ताणलेला पडदा, लांब मान, बहुधा पाच तारा. त्यातली पाचवी आखूड आणि ती अंगठ्याने एकाच सुरावर टणटणत राहते. पडद्यामुळे सूर लवकर मरतो, म्हणून वादकाला भराभर वाजवावं लागतं. या संगीतातली ती सततची टिपटिप तिथून येते.

खरखर फारच आवडायला लागली तर माउंटन गोट्सचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' (२००२) घ्या. तो चक्क पॅनासॉनिकच्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्याच माइकने रेकॉर्ड केलेला आहे, आणि यंत्राच्या मोटरची घरघर अल्बमभर ऐकू येते. ज्यांना शब्द महत्त्वाचे वाटतात त्यांनी तो टाळू नये, इतरांनी वर्षभर थांबलं तरी चालेल.

पायरी ५: मागे, १९७१ च्या दोन रात्री

आता मुळाशी. निक ड्रेकचा 'पिंक मून' १९७२ च्या फेब्रुवारीत आला. आदल्या ऑक्टोबरात लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, दोन रात्रींत, खोलीत फक्त तो आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड. ११ गाणी, २८ मिनिटं. एक आवाज, एक गिटार, आणि पहिल्या गाण्यात मागाहून घातलेला पियानोचा छोटा तुकडा. बाकी काही नाही. तो हयात असताना त्याचे अल्बम फारसे कुणी घेतले नाहीत. १९७४ मध्ये, २६ व्या वर्षी तो गेला. तीसेक वर्षांनी ज्या मुलांनी घरी बसून गाणी करायला घेतली, त्यांच्यातल्या अनेकांसाठी हा अल्बम नमुना ठरला.

पहिल्यांदा ऐकताना आवाज सोडून द्या आणि गिटारचा अंगठा धरा. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून ठेका देतो, बाकीची बोटं बारीक तारांवर चाल विणतात. एकच माणूस तबला आणि पेटी दोन्ही सांभाळतोय असं समजा. गाणारा गळा ठेक्यावर बसत नाही, किंचित मागून येतो. ते मागून येणं म्हणजेच निक ड्रेक.

दुसरी गोष्ट जुळणीची. गिटार नेहमी जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतात. ड्रेक ती अनेक गाण्यांना निराळी लावायचा, म्हणजे बऱ्याच तारा मोकळ्या सोडल्या तरी आपसात जुळतात आणि चालीखाली एकसारख्या घुमत राहतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. हाताशी गिटार असेल तर शीर्षकगीताची जुळणी करून बघा: सी, जी, सी, एफ, सी, ई, आणि कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर. सहावी तार ई वरून सी वर, म्हणजे चार अर्धस्वर खाली, पाचवी, चौथी, तिसरी दोन-दोन अर्धस्वर खाली, दुसरी तार मात्र अर्धा स्वर वर, पहिली तशीच. चुकतं ते दोन ठिकाणी. दुसरी तार वर घ्यायची हे विसरून लोक ती उतरवतात आणि सगळं बेसूर होतं. आणि तारांचा हलका संच असेल तर सहावी तार ढिली पडून पडद्यांवर खडखडते, ०.०११ ऐवजी ०.०१२ चा संच घातला की बराच फरक पडतो. उतरवलेल्या तारा पहिली दहा मिनिटं सरकत राहतात, तेव्हा दोनदा-तीनदा जुळवावं लागेलच.

२८ मिनिटांचा अल्बम आहे, त्यामुळे 'वेळ नाही' ही सबब चालणार नाही.

पायरी ६: आता शब्द

सुफ्यान स्टीव्हन्सचा 'कॅरी अँड लोवेल' (२०१५) शब्दांशिवाय अर्धाच कळतो. कॅरी ही त्याची आई, लोवेल हे सावत्र वडील. आई तो तान्हा असतानाच घर सोडून गेली होती. लहानपणीचे काही उन्हाळे तेवढे ऑरेगनमध्ये तिच्याबरोबर गेले. २०१२ च्या डिसेंबरात ती वारली, आणि या ११ गाण्यांत तिचा शोक आहे. ड्रम जवळपास नाहीत.

पद्धत अशी ठेवा. पहिल्या दिवशी शब्द न बघता एकदा. दुसऱ्या दिवशी शब्द समोर ठेवून एकदा, पण न थांबवता. तिसऱ्यांदा हवं तिथे थांबवून. पहिल्याच फेरीत ओळ-ओळ थांबवणाऱ्यांच्या हाती गाणं लागत नाही, नुसता शब्दार्थ लागतो. 'युजीन' या गाण्यात पोहायला शिकवणाऱ्याला मुलाचं नाव म्हणता येत नाही, तो त्याला 'सुबारू' म्हणतो. इतक्या मोठ्या दुःखात ही एवढीशी मोटारीच्या नावाची चूक. आईबद्दल थेट विलाप करणाऱ्या कुठल्याही ओळीपेक्षा ती जास्त बोलते. अल्बममध्ये मृत्यूचे आणि स्वतःला इजा करण्याचे विचार उघडपणे येतात. मन आधीच खचलेलं असेल त्या आठवड्यात हा लावू नका. ऑफिसात काम करताना मागे वाजत ठेवण्याचा तर हा अल्बमच नाही.

त्याचाच 'इलिनॉय' (२००५) याच्या अगदी उलट: २२ तुकडे, ७४ मिनिटं, तुताऱ्या, गायकवृंद, लांबलचक शीर्षकं. एका बैठकीत दमछाक होते. दहाव्या, 'कॅसिमिर पुलास्की डे' या गाण्यापर्यंत एक बैठक, पुढचं दुसऱ्या दिवशी. दहावं गाणं बँजोवरचं, अल्बममधलं सगळ्यात साधं. नावातला दिवस म्हणजे मार्चचा पहिला सोमवार, इलिनॉय राज्याची खरीखुरी सुटी.

पायरी ७: एड्रिअ‍ॅन लेंकर, 'साँग्ज' (२०२०)

अल्बमचं नावच 'साँग्ज' असल्यामुळे नुसतं ते टाकून शोधलंत तर जगातली सगळी गाणी पुढ्यात येतील. गायिकेच्या नावासकट शोधा. तिच्या बिग थीफ या बँडचा दौरा २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे तुटला, आणि ती मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या एका खोलीच्या केबिनमध्ये गेली. ध्वनिमुद्रक फिलिप वाइनरोब. सगळं टेपवर. मागे पक्षी आहेत, पाऊस आहे. आतापर्यंतच्या सहा पायऱ्या केल्या असतील तर इथे काही सांगायची गरज पडू नये: खोली, अंगठा, मोकळ्या तारा, श्वास, सगळं ओळखीचं वाटेल. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला या प्रकारातला हा सगळ्यात नेमका अल्बम.

पायरी ८: अवघड जागा

जोआना न्यूसमचा 'ईस' (२००६). शोधताना वाय आणि एस ही दोनच रोमन अक्षरं टाका. पाच गाणी, ५५ मिनिटं. एक गाणं जवळजवळ १७ मिनिटांचं. ती पेडल हार्प वाजवते: ४७ तारा, पायाखाली सात पेडल. हार्प आणि गळा स्टीव्ह अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला, वाद्यवृंद व्हॅन डाइक पार्क्सचा.

लोक पहिल्या गाण्यापासून सुरू करतात आणि सहाव्या मिनिटाला सोडतात. तिसऱ्यापासून सुरू करा. तिथे वाद्यवृंद नाही, नुसती हार्प आणि गळा, दहा मिनिटं. डावा हात काय करतो आणि उजवा काय, ते तिथे वेगळं ऐकू येतं. मग पहिलं, मग चौथं. तिचा गळा किनरा, कधी लहान मुलीसारखा. पहिल्यांदा तो खटकतोच. तीन बैठकींनंतरही खटकला तर अल्बम ठेवून द्या, त्यात कमीपणा नाही. हा अल्बम तुमच्या अ‍ॅपवर नसण्याचीही शक्यता आहे. मग सीडी किंवा डाउनलोड विकत घ्यावं लागेल.

पुढचा अल्बम कसा शोधायचा

'याच्यासारखं आणखी' असं अ‍ॅपला विचारू नका. ते तुम्हाला त्याच वेगाची, त्याच मूडची गाणी देत राहील आणि पुन्हा सगळं सारखं वाटायला लागेल. त्यापेक्षा श्रेयनामावली वाचा. कुणी वाजवलं हे कमी महत्त्वाचं. कुठे आणि कुणी ध्वनिमुद्रित केलं ते बघा. दुसरा धागा म्हणजे कुणी कुणाचं गाणं गायलं. फर्स्ट एड किट या स्वीडिश बहिणींनी २००८ मध्ये फ्लीट फॉक्सेसचं एक गाणं जंगलात उभं राहून गायलं आणि यूट्यूबवर टाकलं. तिथून त्यांच्या 'द लायन्स रोर' (२०१२) पर्यंत सरळ जाता येतं. इंग्रजी उच्चारांनी कान थकला असेल तर मधे प्रतीक कुहाडचा 'इन टोकन्स अँड चार्म्स' (२०१५) घ्या. बोटांनी छेडलेली गिटार तीच, उच्चार आपल्या कानाचे.

आणि खोलीचा धागा धरायचा असेल तर साउंड टेक्निक्सपासून सुरू करा. लंडनच्या चेल्सी भागातली ही जागा आधी दूधडेअरी होती. 'पिंक मून'च्या दोन वर्षं आधी, १९६९ च्या अखेरीस, व्हॅश्टी बनयनने तिथेच 'जस्ट अनदर डायमंड डे' केला. घोडागाडीने लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे केलेल्या प्रवासातली गाणी, निर्माता जो बॉइड, ज्याने ड्रेकचे पहिले दोन अल्बम केले होते. अल्बम खपला नाही, ती गाणं सोडून गेली. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, आणि तिचा दुसरा अल्बम आला तो २००५ मध्ये. 'पिंक मून' संपल्यावर लगेच तो लावा. व्हायोलिनं, बासरी, बाईचा कोवळा गळा, सगळं निराळं. पण सूर थांबल्यावर मागे जी जागा ऐकू येते ती तीच आहे.